मागची रांग रेघेबाहेर

मी नेमकं काय काम करते, हे लालबागच्या आमच्या चाळीत कधीच कोणाला कळलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "आमचा चेडू काम्पुटरवर नकाशार रेघो मारता." आणि मग मला एकटीला गाठून हळूच विचारायची, "रेघो मारूक इतक्या शिकाक लागता?" आता नोकरी सोडलीय, तेव्हा सांगायला हरकत नाही. आईचं वर्णन आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त खरं होतं.

तुमच्या मोबाइलमधला नकाशा तुम्हाला रस्ता दाखवतो. आमचा नकाशा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि त्यावर गिऱ्हाईक स्वतः काढायचं. कोणी पाण्याच्या पाइपलाइनी काढायचं, कोणी जमिनीच्या हद्दी, कोणी बंदरात तरंगणाऱ्या बोयांच्या जागा. यात कठीण काय, असं वाटेल. जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरा, त्यावर काच ठेवा आणि काचेवर स्केचपेनने तुमच्या घराभोवती गोल काढा. आता खालचा नकाशा हातभर सरकवा. घर सरकलं, गोल तिथेच. म्हणजे नकाशा जरा हलला, लहानमोठा झाला की काच पुसायची आणि सगळं नव्या जागी पुन्हा काढायचं. तेही इतक्या झटपट की मध्ये काच आहे हे बघणाऱ्याला कळता कामा नये. ती काच सांभाळणं ही माझी नोकरी. काच नीट असली की कोणाला माझी आठवण नसायची. बिघडली की सगळ्यात आधी माझा फोन वाजायचा.

गोदीतून निवृत्त झालेले माझगावचे परेरा एकदा फोनवर म्हणाले, "बाई, तुमच्या नकाशाला हिवताप भरलाय. माझ्या सगळ्या बोया थडथड उडतायत." मी जाऊन पाहिलं तर खरंच सगळं चित्र लुकलुकत होतं. पुसणं आणि पुन्हा काढणं यांच्यामधला रिकामा क्षण त्यांच्या जुन्या मशीनवर डोळ्यांना दिसत होता. उपाय साधा होता. चित्र आधी आडोशाला पूर्ण काढायचं आणि मग एकदम समोर ठेवायचं. बोया शांत झाल्या. परेरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "कुठलं औषध दिलंत?" अशा दिवसांवर मी पुढची बरीच वर्षं काढली.

पण ज्या प्रकरणामुळे हे लिहायला बसले, त्यात कोणी औषध विचारलं नाही.

चाळिशी लागली तेव्हा मी ऑफिसच्या लॅपटॉपवर अक्षरं मोठी करून घेतली. प्रत्येक कॉम्प्युटरवर ती सोय असते. पडद्यावरचं सगळं सव्वापट करून मागायचं, की अक्षरं, बटणं, चित्रं सगळी थोराड होतात. मी तसं केलं आणि आमच्या नकाशावरच्या रेघा घसरल्या. खालचा नकाशा सव्वापट झाला होता, काचेवरची रेघ मात्र जुन्याच मापाने काढली जात होती. गंमत अशी की पडद्याच्या डाव्या, वरच्या कोपऱ्यात चूक जवळजवळ दिसायची नाही. उजवीकडे आणि खाली जावं तशी ती वाढत जायची. म्हणजे हद्दीची रेघ एका कोपऱ्याला चिकटून बाकी सगळीकडून आत आक्रसायची, धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यासारखी.

मी सामंतसरांना दाखवलं. सामंतसर म्हणजे कंपनीचे मालक. गिरगावात फणसवाडीतल्या दीड खोलीत, एका जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी हा काचेचा भाग स्वतःच्या हाताने लिहिला होता. मग कंपनी वाढली, लोअर परळला काचेच्या इमारतीत आली, आम्ही माणसं आलो, बाकी सगळं नव्याने लिहिलं गेलं. तो भाग तसाच राहिला. त्याला हात लावायचा म्हणजे देव्हाऱ्यातल्या टाकांना हात लावण्यासारखं होतं.

त्यांनी पाहिलं, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, "माधवी, अक्षरं लहान कर ना मग."

"सर, गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी मोठी करेलच."

"आजवर कोणाची तक्रार आलीये?"

"नाही."

"मग? नसलेलं दुखणं कशाला उकरतेस? पुढच्या आवृत्तीत बघू."

मी दोष नोंदवून ठेवला. पुढची आवृत्ती आली, तिच्यात नवे रंग आले, नवी बटणं आली. पुन्हा विचारलं, तर पुन्हा पुढची आवृत्ती.

त्या सुमारास दादरच्या एका सल्लागार कंपनीने आमचं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या चाळींच्या पुनर्विकासाची कामं ती करायची. तिथले प्रभुदेसाई नावाचे अधिकारी सगळं बघायचे. माणूस सज्जन, बोलणं मऊ. परळच्या एका चाळीचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे चार इमारती, मध्ये चौक, आणि सगळ्यात मागे, कंपाउंडच्या भिंतीला धरून, बैठ्या खोल्यांची एक रांग. ही रांग नंतर कधीतरी उभी राहिली, म्हणून तिला सगळे 'मागची रांग' म्हणायचे आणि त्या म्हणण्यात थोडा कमीपणा असायचाच. पुनर्विकासाचं निघालं तेव्हा पहिली शंका हीच, की मागच्या रांगेला नव्या इमारतीत घरं मिळणार की नाही.

त्यांना आत घेतलं ते तावडे सिस्टरांनी. परळच्या एका इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. राहायला पुढच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. चाळीत कोणाला इंजेक्शन द्यायचं असो, बाळंतिणीला बघायचं असो, सिस्टर. चाळीच्या कमिटीने त्यांना सेक्रेटरी केलं ते याच भरवशावर. त्या मागच्या रांगेत दारोदार फिरल्या, प्रत्येकाची जुनी लाइटबिलं, रेशनकार्डं गोळा करून प्रभुदेसाईंना दिली, बिल्डरच्या माणसाशी भांडल्या आणि सगळ्या खोल्या योजनेत बसवल्या. मग रांगेत जाऊन म्हणाल्या, "तुम्ही आत आहात. माझा शब्द आहे." लोक संमतीपत्रावर सह्या करायला तयार झाले.

सह्यांच्या आधी सगळ्यांना नकाशा दाखवायची सभा ठरली. उत्सव मंडळाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. हॉलमध्ये बहुतेक म्हातारी माणसं. मागे बसलेल्यांनाही वाचता यावं म्हणून प्रभुदेसाईंनी कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी केली. चांगल्या मनाने केली, हे मी शपथेवर सांगेन.

पडद्यावर विमानातून घेतलेला चाळीचा फोटो आला. कौलं, पत्रे, पाण्याच्या टाक्या, सगळं स्वच्छ. आणि त्यावर योजनेच्या हद्दीची लाल रेघ. फोटो पडदाभर पसरला होता. डाव्या, वरच्या कोपऱ्यातल्या फाटकाला रेघ बरोबर लागली होती, पुढच्या इमारतींना वळसा घालून ती खाली आली आणि चौकाच्या कडेने सरळ निघून गेली. मागची रांग रेघेबाहेर.

मी तिथे नव्हते. पुढे ज्यांनी ज्यांनी सांगितलं ते हेच सांगायचे, की आधी कोणी ओरडलं नाही. मग मोहन घाडी उठला. हा मागच्या रांगेतला, गाड्यांचं वायरिंग करायचा. त्याच्या दोन्ही पोरांच्या वेळी त्याच्या बायकोजवळ इस्पितळात सिस्टर उभ्या होत्या. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. सिस्टरांकडे बघून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही ही रेघ आधी बघितलेली ना?"

सिस्टर म्हणाल्या, "मोहन, मी बघितली तेव्हा अशी नव्हती."

"म्हणजे नंतर बदलली. कोणाला विचारून?"

प्रभुदेसाई बिचारे नकाशा पुढेमागे करत राहिले. कोणीतरी वायर उपटली. सभा मोडली.

दुसऱ्या दिवशी मला प्रभुदेसाईंचा फोन आला आणि मी दादरला त्यांच्या ऑफिसात गेले. प्रभुदेसाईंच्या टेबलावर रेघ अगदी बरोबर होती. मागची रांग आत. ते म्हणाले, "मॅडम, मी वेडा होईन. काल माझ्या डोळ्यांनी बघितलं." मी म्हटलं, काल जे जे केलंत ते सगळं तसंच करा. त्यांनी प्रोजेक्टर लावला, अक्षरं मोठी केली, आणि समोरच्या भिंतीवर रेघ आटली. मला नवल वाटलं नाही. मी नोंदवून ठेवलेला दोष तो हाच.

आमच्या कामातली मेख इथेच आहे. घरांची नोंद कॉम्प्युटरच्या पोटात बरोबरच होती. कागदावर छापली असती तरी रेघ बरोबर आली असती. चुकलं होतं ते फक्त पडद्यावरचं चित्र. पण माणसं पोटातल्या नोंदीवर विश्वास ठेवत नाहीत, समोर दिसतं त्यावर ठेवतात. का ठेवू नये?

आता मात्र सामंतसरांनी टाकांना हात लावू दिला. मी तो भाग उघडला, मापं एक केली, लहान पडदे, मोठे पडदे, दोन पडदे जोडून, सगळीकडे तपासलं. रेघ जिथली तिथे. मग सरांसमोर जाऊन म्हटलं, "सर, आपण त्या चाळीला लेखी द्यायला हवं की दोष सॉफ्टवेअरचा होता. त्या सिस्टरांवर लोक नाही नाही ते आरोप करतायत."

सर म्हणाले, "नोंद चुकली होती का?"

"नाही."

"मग आपलं काय चुकलं? चित्र जरा इकडेतिकडे झालं. चित्राचं लेखी द्यायचं नसतं, माधवी. उद्या प्रत्येक गिऱ्हाईक येऊन दारात उभं राहील."

"सर, ती बाई..."

"ती बाई आपली गिऱ्हाईक नाही."

दुरुस्ती बाहेर पडली तेव्हा तिच्यासोबतच्या पत्रकात सरांनी स्वतः एक ओळ घातली होती: 'मोठ्या अक्षरांच्या पडद्यांसाठी आता खास सोय.' मी ती ओळ वाचली आणि उठून बाहेर जाऊन चहा प्यायले. दुसरं काय करणार होते?

त्या शनिवारी मी सिस्टरांकडे गेले. मी कोण, हे कळल्यावर त्यांनी आत बोलावलं. खोली टापटीप. ओट्यावर कॉटन, स्पिरिट, इंजेक्शनच्या सुयांचा डबा, सगळं मांडलेलं. मी त्यांना जेवणाच्या टेबलावरची काच सांगितली, जशी वर तुम्हाला सांगितली. त्यांना पहिल्या झटक्यात कळलं.

"म्हणजे मी वेडी नाही," त्या म्हणाल्या. "मोहनच्या आईला रोज सकाळी इन्सुलिन द्यायला जायचे मी. कित्येक वर्षं. परवा गेले तर सुनेने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, आता कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडे नेतो. म्हातारीला चार पावलं चालवत नाही गं. रिक्षात घालून नेतात, पण माझ्या हातून नको."

मग त्यांनीच विचारलं.

"तू येशील? सभेत? जे मला सांगितलंस तेच सांगशील? चूक कशी झाली ती जशीच्या तशी दाखव त्यांना. डोळ्यांनी बघितलं की पटेल."

मलाही तेच योग्य वाटलं. आमच्यात पद्धतच आहे. दोष पुन्हा घडवून दाखवता आला, तरच तो समजला म्हणायचं. सरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. प्रभुदेसाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही बोललात तर उपकार होतील. आमचं आता कोण ऐकतंय?"

रविवारी सकाळी हॉल भरला. मागच्या रांगेतली माणसं मागे, भिंतीला टेकून उभी. सिस्टरांनी माझी ओळख करून दिली. मी म्हटलं, मी लालबागची, चाळीतच वाढले, माझे वडील गिरणीत होते. दोनचार माना हलल्या. मग मी नकाशा लावला. जुनं सॉफ्टवेअर सुरू केलं. अक्षरं लहान असताना रेघ दाखवली, मागची रांग आत. अक्षरं मोठी केली. रेघ आटली, रांग बाहेर. हॉलमध्ये 'आँ' असा आवाज झाला. पुन्हा लहान, रांग आत. मग दुरुस्त केलेलं नवं सॉफ्टवेअर लावलं, अक्षरं मोठी केली, लहान केली. रेघ हलली नाही.

"बघितलंत?" मी म्हटलं. "कोणी काही बदललं नव्हतं. सिस्टरांनी तर नाहीच. ही आमच्या सॉफ्टवेअरची चूक होती."

मोहन घाडी पुढे आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला अजून आठवतं.

"ताई, पुन्हा एकदा करून दाखवा. ते पहिलं."

मी दाखवलं. रेघ आत, रेघ बाहेर.

"म्हणजे बटण दाबलं की आम्ही आत. बटण दाबलं की बाहेर."

"नाही हो, ती चूक होती. आता दुरुस्त केलीय."

"तुम्ही केलीत. उद्या दुसरा कोणीतरी दुसरं बटण दाबेल. तेव्हा आम्ही कोणाला धरायचं? तुम्हाला?"

तेवढ्यात पुढच्या इमारतीतले एक गृहस्थ उठले. "रेघ हलवता येतेय, तर फाटकाशेजारचा आमचा ओटापण आत घ्या ना. तो आमच्या आजोबांपासून आहे." दुसरा म्हणाला, चौकातलं देऊळ मागच्या बाजूला सरकवा. तिसऱ्याला गाळा हवा होता. आवाज वाढत गेले. मी सांगत होते, रेघ अशी हलत नाही, रेघ हलत नाही. पण सगळ्यांनी आत्ताच, माझ्याच हाताने, ती हलताना बघितली होती. आणि पहिली सभा मोडल्यावर ती बरोबर जागी आली, हेही बघितलं होतं. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा सरळ होता.

गर्दी पांगल्यावर सिस्टर रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. मी मदतीला गेले. म्हणाल्या, "राहू दे. तू आलीस, खूप केलंस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

सोमवारी सामंतसरांपर्यंत बातमी पोचली होती. आवाज चढवला नाही त्यांनी, कधीच चढवायचे नाहीत. काचेचा भाग माझ्याकडून काढून घेतला आणि मला गिऱ्हाइकांच्या फोनवर बसवलं. कोणाचं लॉगिन होत नाही, कोणाला पासवर्ड आठवत नाही. मी ते करत राहिले, कारण घरी आईचं आजारपण होतं आणि माझ्या वयात कोण दुसरीकडे घेणार होतं.

मागच्या रांगेने सह्या केल्या नाहीत. मोहन घाडीचं म्हणणं एवढंच होतं, की आमचं घर कुठल्या रेघेत आहे ते आधी कोणीतरी पक्कं सांगा, असं की नंतर हलणार नाही. असं पक्कं कोण सांगणार? सिस्टर पुन्हा दारोदार गेल्या. दारं उघडली नाहीत. पुढच्या चार इमारतींना घाई होती. भिंतींना टेकू लागले होते, म्हातारी माणसं थांबायला तयार नव्हती. शेवटी पुढच्या लोकांनी आणि बिल्डरने मिळून ठरवलं, की जे तयार आहेत त्यांचं आधी करू, मागच्या रांगेचं दुसऱ्या टप्प्यात बघू. दुसरा टप्पा म्हणजे काय, हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही.

सिस्टरांनी सेक्रेटरीपद सोडलं. घर मात्र त्यांना मिळणारच होतं, त्या रेघेच्या आत होत्या. त्याचंही लोक बोलले.

बऱ्याच महिन्यांनी प्रभुदेसाईंचा फोन आला. फोनवर मीच बसले होते, म्हणून माझ्याकडे आला. "मॅडम, परळच्या चाळीची नवी हद्द तयार झालीय. मंजुरीला जायच्या आधी एकदा तुमच्या नजरेखालून घाला. मला आता धीर होत नाही." सरांच्या नव्या माणसाला वेळ नव्हता, तेव्हा सरांनीच मान डोलावली, बघून टाक.

मी फाइल उघडली. तोच फोटो, तीच कौलं. लाल रेघ फाटकापासून निघाली, पुढच्या इमारतींना वळसा घालून खाली आली आणि चौकाच्या कडेने सरळ निघून गेली. मागची रांग बाहेर. मी अक्षरं मोठी केली. लहान केली. दुसऱ्या पडद्यावर टाकून पाहिलं. नकाशा गरगर फिरवला, जवळ आणला, दूर नेला. रेघ तसूभर हलली नाही. माझं काम चोख झालं होतं. प्रभुदेसाईंना कळवलं, बरोबर आहे.

संध्याकाळी परळला सिस्टरांकडे गेले. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळावं असं मला वाटत नव्हतं. त्या सामान बांधत होत्या. नवी इमारत होईपर्यंत मुलीकडे डोंबिवलीला जायच्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, हातातली सुतळी खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. आवाज इतका खाली आणला, जणू शेजारी ऐकतील.

"माधवी, त्या दिवशी तू सगळ्यांसमोर हलवून दाखवली होतीस ना?"

"हो."

"मग आता हलव ना गं. एवढी एकदाच."

मी म्हटलं, "सिस्टर, ती आता हलत नाही. मीच तशी केलीय."

त्यांनी मान हलवली. मग उठल्या आणि बांधलेल्या खोक्यांमधलं एक सोडायला लागल्या. कपबश्या त्यातच गेल्या होत्या, आणि मला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही, असं त्यांचं होतं.